सहाव्या मजल्यावरची मसूर

डॅरिलने पिवळ्या झाकणाचा डबा उघडला, आत वाकून बघितलं आणि केबिनमध्ये चढून ट्रकचं इंजिन बंद केलं. डॅरिल इंजिन बंद करतो म्हणजे आता भाषण होणार, हे वूला कारासला ठाऊक होतं.

"वूला, इकडे ये. हे काय आहे?"

"कागद, पुठ्ठे. रिसायकलिंग."

"असं?" त्याने हातमोजा घातलेला हात आत घातला आणि एक वस्तू शेपटीला धरून उंदीर काढावा तशी वर काढली. "हा बूट आहे. एकच. दुसऱ्या पायाचं काय झालं ते मला विचारायचंही नाही. हे अर्धं सँडविच. हा नूडल्सचा डबा, नूडल्ससकट. आणि सगळ्या पुठ्ठ्यांना सोया सॉसची आंघोळ. हे मी नेलं तर तिकडे माझी चामडी सोलतील."

"एवढ्या वेळेला ने ना."

"गेल्या खेपेलाही एवढ्या वेळेलाच नेलं होतं, बाईसाहेब."

त्याने डब्यावर लाल चिठ्ठी चिकटवली, तळहाताने ती नीट दाबून बसवली, आणि ट्रक रिकामाच तळघराचा चढ चढून निघून गेला.

वूला त्या डब्याशेजारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ब्लूगम हाऊस ही पिरी स्ट्रीटवरची सात मजली इमारत, आणि वूला तिची व्यवस्थापक. लिफ्ट अडकली तर वूला, संडास तुंबला तर वूला, एसीनं कुणाला हुडहुडी भरली तर वूला, आणि त्याच खोलीत, त्याच एसीखाली दुसऱ्या कुणाला उकडलं तरी वूलाच. माणसांना ती पुरून उरली होती. कचऱ्यापुढे मात्र ती हरत चालली होती.

इमारतीचे मालक सिडनीला. त्यांचे फोन यायचे ते नेहमी पहाटेच उठून व्यायाम केलेल्या माणसाच्या आवाजात.

"वूला, पर्यावरणाचा दर्जा! ह्या वर्षी मिळालाच पाहिजे. आता मोठे भाडेकरू तेच विचारतात. तपासनीस हिवाळा संपता संपता येणार."

"लोक कचरा वेगळा टाकत नाहीत. काहीतरी मदत पाठवा."

"पाठवतो!"

पाठवली ती पोस्टरं. पोस्टरावर एक हिरवं पान होतं, त्याला डोळे होते, हात होते, आणि ते एका पिवळ्या डब्याकडे बघून हसत होतं. वूलाने प्रत्येक मजल्यावर एकेक लावलं. आठवडाभरात तिसऱ्या मजल्यावरच्या पानाला मिशा फुटल्या.

मग वूलाने एक सकाळ नुसतं हिंडून बघण्यात घालवली. हातात टेपमाप घेतलं की कुणी काही विचारत नाही, म्हणून टेपमाप घेऊन ती मजल्यामजल्यांवर फिरली. आणि तिला दिसलं ते असं: माणूस स्क्रीनकडे बघतो आहे, एका हाताने टाइप करतो आहे, आणि दुसरा हात आपला आपण टेबलाखाली जातो आहे. कागद, केळ्याचं साल, कॉफीचा कप, नाक पुसलेला कागदी रुमाल, सगळं एकाच टोपलीत. डोक्याला खबरही नाही. प्रत्येक टेबलाखाली एक टोपली, आणि प्रत्येक टोपलीत सगळ्या जगाची खिचडी.

"टोपल्याच काढून टाकायच्या," तिने सफाईचं काम बघणाऱ्या मिलेवाला सांगितलं. "एकूणएक. प्रत्येक मजल्याच्या स्वयंपाकघरात तीन डबे. पिवळा कागद-डब्या-बाटल्यांचा, हिरवा खाण्याचा, लाल म्हणजे थेट शहराबाहेरच्या खड्ड्यात. टाकायचं असेल तर उठा, चाला, आणि टाका."

मिलेवा बेलग्रेडहून येऊन इथे म्हातारी झाली होती. तिने हातातला पोछा भिंतीला टेकवला.

"मी एका देशाचे तुकडे पडताना बघितलेत," ती म्हणाली. "त्याची सुरुवात ह्यापेक्षा लहान गोष्टीवरून झाली होती."

टोपल्या शनिवारी गेल्या. सोमवारी नऊ वाजता वूलाचा फोन वाजायला लागला तो दुपारपर्यंत थांबला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईने विचारलं की तिची टोपली नेली आहे तर ती निदान सुखरूप आहे ना. सातव्या मजल्यावरच्या साहेबांनी सांगितलं की आपण उठून स्वयंपाकघरापर्यंत चालत जाणं हे कंपनीला परवडणारं नाही. आणि साडेदहाला लिफ्टचं दार उघडून खुद्द मर्व्हिन ट्रेलोर खाली आले.

ट्रेलोर पाचव्या मजल्यावरच्या वकिलांच्या फर्ममधले सगळ्यांत जुने वकील. काम मृत्युपत्रांचं. उंच, वाळलेले, वाकलेले, आणि भर उन्हाळ्यातसुद्धा कोटाची तिन्ही बटणं लावलेले. अख्ख्या इमारतीत सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारत असताना ते एकटेच 'मिसेस कारास' म्हणायचे, त्यामुळे वूलाही त्यांना मिस्टर ट्रेलोरच म्हणायची.

"मिसेस कारास, माझ्या टेबलाखालून माझी टोपली गेली आहे."

"सगळ्यांच्याच गेल्यात, मिस्टर ट्रेलोर."

"मी सगळ्यांबद्दल बोलत नाही. पत्र्याची होती. हिरवी. फर्म ह्या इमारतीत आली त्याच्या आधीपासूनची. अशिलांच्या खासगी गोष्टींचा प्रश्न आहे."

"खासगी कागदांसाठी तुमच्याकडे कापणारं यंत्र आहे की."

"माणसाने आपल्या टेबलाशी काय टाकावं हा त्याचा आणि त्याच्या टोपलीचा प्रश्न असतो," ते म्हणाले. पण हे बोलताना त्यांनी वूलाकडे न बघता लिफ्टकडे बघितलं.

लिफ्टमधून त्याच वेळी त्यांची मुलगी टॅम्सिन बाहेर येत होती. ती चौथ्या मजल्यावर, 'हरित सल्लागार' म्हणवणाऱ्या कंपनीत होती. दुसऱ्यांच्या ऑफिसांत जाऊन त्यांचा कचरा कसा कमी करायचा हे ती शिकवायची. चांगली, गोड मुलगी. रोज सकाळी तिच्या हातात काचेच्या दोन बरण्या असायच्या. "एक माझी, एक बाबांची," ती लिफ्टमध्ये सगळ्यांना सांगायची. "मसूर, बीट आणि अक्रोड. डॉक्टरांनी त्यांना जपायला सांगितलंय, आणि आई गेल्यापासून ते नुसते पास्ट्यांवर जगत होते, बटाटा आणि मटण कोंबलेल्या मैद्याच्या करंज्या, वर लाल सॉस!"

"बाबा, तुम्ही खाली काय करताय?" तिने विचारलं.

"मिसेस कारासना शुभेच्छा देत होतो," ट्रेलोर म्हणाले आणि जिन्याने वर गेले.

त्या आठवड्याच्या शेवटी मिलेवा वूलाच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"पाचव्या मजल्यावर वास येतोय. मृत्युपत्रांच्या कपाटातून."

"कसला वास?"

"मेलेल्याचा नाही. बघून आले. मसुरीचा."

कपाटात, जुन्या फायलींच्या मागे, ट्रेलोरांची हिरवी पत्र्याची टोपली सापडली. त्यांनी ती शनिवारच्या आधीच लपवली होती, आणि सोमवारची तक्रार नुसता देखावा होता. सापडली तेव्हा तिच्यातून कपाटाच्या फटीपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती.

"हे पुरावे आहेत," ट्रेलोर ताठ उभे राहून म्हणाले.

"कशाचे?" वूलाने विचारलं.

मिलेवा टोपली घेऊन गेली आणि ट्रेलोर तिच्याकडे कुणी नातेवाईक गाडीत बसून दूर जावा तसे बघत राहिले.

त्यानंतर त्यांनी लढाईचा पवित्रा बदलला. रोज दहाच्या सुमारास ते हातात एक वस्तू घेऊन खाली यायचे आणि ती वूलाच्या टेबलावर अलगद ठेवायचे. पहिल्या दिवशी चहाची पुडी होती. वापरलेली, ओली, बशीत.

"मिसेस कारास, ह्या पुडीचे चार भाग आहेत. चहा. चहाची पिशवी. दोरा. आणि दोऱ्याच्या टोकाला कागदाची चकती, ती पिनेने जोडलेली. म्हणजे खरं तर पाच. मी ही कशात टाकू?"

"हिरव्यात."

"पीनसुद्धा? मसुदा... माफ करा, पोस्टर असं म्हणतं की हिरव्यात 'खाद्यपदार्थ इत्यादी'. पीन ही 'इत्यादी'त मोडते का? मी आयुष्यभर 'इत्यादी' ह्या शब्दावरून भावाभावांना कोर्टात भांडताना बघितलंय."

वूलाने दात आवळले. "विचारून सांगते."

दुसऱ्या दिवशी पारदर्शक खिडकीचं पाकीट. मग कॉफीचा कप: कप एकीकडे, झाकण दुसरीकडे, मधली पुठ्ठ्याची पट्टी तिसरीकडे. मग फुटकं पेन. मग तळमजल्यावरच्या सॅलडच्या दुकानातला वाडगा, ज्याच्या तळाशी लिहिलं होतं 'मी मातीत मिसळतो'.

"'मी' म्हणतोय," ट्रेलोर म्हणाले. "तेव्हा त्याचीच साक्ष घ्यावी म्हणतो. किती दिवसांत मिसळतो? कुणाच्या मातीत?"

"मिस्टर ट्रेलोर, तुम्हाला वर काही काम नसतं का?"

"माझे अशील घाईत नसतात, मिसेस कारास."

वूला त्या दिवशी इतकी चिडली की तिने वाडगा उचलला आणि कचरा वेगळा करणाऱ्या कारखान्याला थेट फोन लावला. एकाने दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि शेवटी कुणी एक वैतागलेला पण सज्जन माणूस फोनवर आला. त्याने सांगितलं की तो वाडगा पिवळ्यात टाकला तर सगळा कागद बाद होतो. त्याला आतून मेणाचा थर असतो. हिरव्यात चालतो. कप मात्र लाल डब्यात, त्याचं झाकण पिवळ्यात, पट्टी पिवळ्यात. चहाच्या पुड्या तुमच्या कुठल्या आहेत ते बघा. काही पिशव्या प्लास्टिकच्या असतात.

"थांबा," वूला म्हणाली. "म्हणजे आमचे लोक ते वाडगे पिवळ्यात टाकतात, म्हणून डॅरिल आमचा डबा नेत नाही?"

"डॅरिल कोण ते मला माहीत नाही," तो माणूस म्हणाला, "पण मी तुमचा डबा नेला नसता."

वूला फोन ठेवून बसली. इमारतीतले निम्मे लोक दुपारी त्याच दुकानातलं सॅलड खायचे. वाडग्यावर पान छापलेलं, पोस्टरावरही पान छापलेलं; माणसं बिचारी पानाला पान जुळवून मोठ्या श्रद्धेने वाडगे चुकीच्या डब्यात टाकत होती.

तिने सगळी पोस्टरं उतरवली, मिशांसकट. त्यांच्या जागी प्रत्येक डब्याच्या वर भिंतीला लाकडी फळी ठोकली आणि फळीवर खऱ्या वस्तू खिळ्यांनी आणि डिंकाने बसवल्या: खरा कप, खरं झाकण, खरा वाडगा, धुऊन वाळवलेली चहाची पुडी, खिडकीचं पाकीट. 'इत्यादी' कुठेच नाही. ट्रेलोर पाचव्या मजल्यावरच्या फळीपुढे हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले.

"काय, काही चूक सापडली का?" वूलाने विचारलं.

"शोधतोय," ते खिन्नपणे म्हणाले.

पुढच्या खेपेला डॅरिलने पिवळा डबा उघडला, आत बघितलं, परत बघितलं, आणि इंजिन बंद केलं नाही. "आजारी आहेस का?" एवढंच विचारून त्याने डबा नेला. वूलाला तळघरात एकटीलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

पण लाल डबा मात्र हलता हलेना. तो जड होता, आणि जड म्हणजे आत खाणं होतं. फळ्या लावून, सांगून, हात जोडूनही कुणीतरी कुठेतरी जेवणंच्या जेवणं खड्ड्याकडे रवाना करत होतं. हिवाळा अर्धा सरला होता. वूलाने शेवटचा उपाय काढला.

एका गुरुवारी दुपारी, कुणालाही आधी न सांगता, तिने सगळ्या मजल्यांचे लाल डबे तळघरात आणवले, गाड्या लावायच्या जागेत निळी ताडपत्री अंथरली आणि प्रत्येक मजल्यावरून एकेका माणसाला बोलावून घेतलं. हातमोजे, चिमटे, प्लास्टिकचे एप्रन. "आज आपण आपला कचरा बघणार आहोत," ती म्हणाली. "आपल्याच डोळ्यांनी. आणि जो मजला चुकला त्याचं नाव दाराशी लागणार."

चौथ्या मजल्यावरून टॅम्सिन आली. तिचं तर हे रोजचंच काम. सहाव्या मजल्यावरच्या वास्तुविशारदांकडून शेरॉल्ड नावाचा गोल चष्म्याचा देखणा गृहस्थ आला, त्याच्या पांढऱ्या बुटांकडे बघून वूलाला वाईट वाटलं. आणि पाचव्या मजल्यावरून, कुणी बोलावलं नसताना, मर्व्हिन ट्रेलोर आले. त्यांनी कोटावर मासे पकडायला जाताना घालायचा रबरी पोशाख चढवला होता. गाडीतच असतो म्हणे, समुद्रावर सेमाफोरच्या धक्क्यावर जाताना लागतो.

"फर्मच्या हितसंबंधांवर लक्ष ठेवायला आलोय," ते म्हणाले. "पुराव्यात कुणी फेरफार करू नये."

"वाका आणि वेचा," मिलेवाने त्यांच्या हातात चिमटा दिला.

डबे ओतले. वास असा उठला की शेरॉल्ड दोन पावलं मागे सरकला आणि डॅरिल, जो सहज तमाशा बघायला आला होता, मोठ्याने हसला. "ह्यालाच आम्ही सकाळ म्हणतो," तो म्हणाला.

चौथ्या मजल्याचा ढीग सगळ्यांत वाईट निघाला. हरित सल्लागारांच्या ढिगात कॉफीचे कप होते, कपांत पिवळ्यात टाकायची झाकणं होती, आणि सगळ्यांत खाली 'कचरामुक्त कार्यालय' ह्या विषयावरच्या चकचकीत पुस्तिकांचा न उघडलेला गठ्ठा होता. टॅम्सिनचे कान लाल झाले. "आम्ही फार कामात असतो," ती पुटपुटली.

मग सहाव्या मजल्याचा ढीग आला आणि वूला खाली वाकली. त्यात कागद नव्हते, कप नव्हते, सगळं कसं व्यवस्थित होतं, आणि मधोमध, ताडपत्रीवर, गुलाबी मसुरीची एक टेकडी होती. बिटाने रंगलेली. वर अक्रोड. एक घाससुद्धा कमी झालेला नव्हता. बरणीतून ओतल्यावर बरणीचाच आकार घेऊन उभी होती.

"अख्खं जेवण!" मिलेवा म्हणाली. "हात न लावलेलं! लाज आहे का?"

"आमचं नाही," शेरॉल्ड म्हणाला.

"तुमच्याच डब्यातून पडलं."

"अहो, आमच्याकडे कुणी बीट खात नाही! आमच्या गालिच्यांकडे तुम्ही बघितलंयत का?"

"मग काय, मसूर जिना चढून आली?"

शेरॉल्ड चष्मा पुसायला लागला, आणि पुसता पुसता त्याचा आवाज चिरका झाला. गेले काही महिने सहावा मजला किती मेहनत घेतोय, त्यांनी वाडगे धुण्यासाठी पाळी लावलीय, आणि आता एका टेकडीपायी सगळ्या इमारतीत त्यांच्या नावाने शिमगा होणार. वूला त्याच्याकडे बघत नव्हती. तिने ती मसूर ओळखली होती. रोज सकाळी लिफ्टमध्ये दोन काचेच्या बरण्यांत ती बघत होती. तिने हळूच मान वळवली. ट्रेलोर चिमटा हातात धरून रबरी पोशाखात पुतळ्यासारखे उभे होते. टॅम्सिन खाली वाकून काहीतरी फारच बारकाईने शोधत होती.

टोपलीचं दुःख, खासगी गोष्टी, अशील, मुंग्यांची रांग: वूलाच्या डोक्यात सगळं एका झटक्यात लागलं. म्हातारा रोज मुलीने केलेलं जेवण टेबलाखाली सोडत होता आणि बाहेर जाऊन पास्टी खात होता. टोपली गेल्यावर आपल्याच मजल्याच्या डब्यात टाकायची सोय राहिली नाही, कारण मुलीचा पाय केव्हाही पाचव्या मजल्यावर पडायचा. म्हणून तो एक जिना वर चढत होता. त्याला ह्या क्षणी उघडं पाडणं किती सोपं होतं! इतक्या पुड्या आणि पाकिटांनंतर वूलाला त्याचा हक्कही होता.

"जाऊ दे," ती म्हणाली. "कुणाचं का असेना. हिरव्यात टाका, पुढे चला."

"जाऊ दे कसं?" मिलेवा म्हणाली. "तूच म्हणालीस, चुकलेल्या मजल्याचं नाव दाराशी लावणार. सहावा मजला. लिही."

शेरॉल्डने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मान खाली घातली.

ट्रेलोरांनी घसा खाकरला. कोर्टात खाकरतात तसा.

"नाव सहाव्या मजल्याचं लावता येणार नाही," ते म्हणाले. "ही मसूर माझी आहे."

डॅरिलने तोंडातलं च्युइंगगम चघळायचं थांबवलं.

"रोज मीच टाकतो. जिन्याने वर जाऊन. ह्या गृहस्थांचा काही संबंध नाही, त्यांची मी माफी मागतो." मग त्यांना मुलीकडे बघावंच लागलं, आणि त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्या माणसाचा झाला. "टॅम, मी प्रयत्न केला. पहिल्या आठवड्यात खरंच केला. बरणी रिकामी झाल्याशिवाय तुझ्या हातात द्यायची नाही, असं ठरवलं होतं. तू पहाटे उठून करतेस. तुला नको कसं म्हणू?"

टॅम्सिन सरळ उभी राहिली. तिच्या चिमट्यात काहीतरी होतं, आणि वूलाला वाटलं की आता ही रडणार. पण ती बघत होती तिसऱ्या मजल्याच्या ढिगाकडे. तिने चिमट्याने वरचे कागद बाजूला केले. खाली दुसरी टेकडी होती. तीही गुलाबी. तिच्यावरही अक्रोड. तिलाही कुणी हात लावलेला नव्हता.

"ही माझी," टॅम्सिन म्हणाली.

"काय?"

"मला बीट लहानपणापासून आवडत नाही, बाबा. तुम्हाला माहीत आहे. पण तुम्ही एकटे खाणार, आणि मी बाहेरून काही आणून खाणार, हे बरं दिसत नव्हतं. म्हणून दोघांची करायची. आणि आमच्या मजल्यावर टाकली तर सगळे बघतील. मी त्यांना अन्न वाया घालवू नका म्हणून शिकवते. म्हणून मी तिसऱ्या मजल्यावर..."

"तू खाली उतरायचीस?"

"तुम्ही वर चढायचात?"

"मग दुपारी काय खातेस?"

टॅम्सिनने हातमोज्याने नाक पुसलं आणि लगेच पस्तावली. "कोपऱ्यावरची पास्टी," ती म्हणाली. "मागच्या दाराने जाते. पुढच्या दाराने तुम्ही दिसाल म्हणून."

"मी मागच्या दाराने जात नाही," ट्रेलोर म्हणाले, "तू दिसशील म्हणून."

पहिला हसला तो डॅरिल, पण वूला त्याच्या पाठोपाठ होती, आणि शेरॉल्ड, ज्याची मानहानी टळली होती, तो तर भिंतीला टेकून हसला. मिलेवा हसली नाही. तिने दोन्ही टेकड्यांकडे बघितलं आणि मान हलवली. "एवढी मसूर," ती म्हणाली. "एक कुटुंब जेवलं असतं. आणि मला कुणी एकदाही विचारलं नाही. मला बीट आवडतं."

ढीग सगळे वेचून झाले तेव्हा ट्रेलोर बाप-लेक ताडपत्रीच्या कडेला बादलीत हात धूत होते आणि अगदी हळू आवाजात भांडत होते. वूलाच्या कानावर तुकडे येत होते. "डॉक्टर रोज मसूर म्हणाले नव्हते, पास्ट्या कमी म्हणाले होते." "तुम्ही मला हे कधी सांगितलंत?" "तू विचारलंस कधी?" "आई असती तर..." "आई असती तर तिने तुझ्या मसुरीत मटण घातलं असतं." मग टॅम्सिनने बापाच्या रबरी पोशाखाचा पट्टा पाठीमागून सोडवून दिला, कारण त्यांचा हात तिथे पोचत नव्हता.

लाल डबा त्यानंतर हलका झाला. दोन माणसांच्या जेवणाने अख्खी इमारत सुधारली असं नाही. पण तळघरातली गोष्ट दुपारी चारपर्यंत सातव्या मजल्यावर पोचली होती, आणि आपण टाकलेलं उद्या ताडपत्रीवर उभं राहू शकतं हे एकदा कळल्यावर लोक लाल डब्यापुढे जरा थबकायला लागले. हरित सल्लागारांनी स्वतःकडेच एक सल्लागार नेमला. तळमजल्याच्या दुकानदाराला वूलाने पटवलं की घरून डबा आणणाऱ्याला मूठभर जास्त सॅलड द्यायचं, आणि शेरॉल्डने तेवढ्यासाठी एक इतका मोठा डबा आणला की दुकानदार रडकुंडीला आला. तपासनीस आल्या, झाकणं उघडून बघून गेल्या, आणि दर्जा मिळाला. फार वरचा नाही, पण मिळाला. सिडनीहून अभिनंदनाचा फलक आला, जाड प्लास्टिकचा, दोन माणसांएवढा लांब. तो कुठल्याच डब्यात जात नव्हता म्हणून डॅरिलने नेऊन आपल्या कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला.

वूलाने वसंतात पुन्हा एकदा ताडपत्री अंथरली. ह्या वेळी ढीग लहान होते, लोक आपण होऊन आले होते, आणि ट्रेलोर मिलेवाच्या हाताखाली निमूट वेचत होते. आठवड्यातून एकदा टॅम्सिन त्यांच्या घरी जाते आणि दोघं मिळून काहीतरी शिजवतात, हे त्यांनी वूलाला आपण होऊन सांगितलं. बहुतेक वेळा करपतं. पण दोघं बसून खातात, असंही म्हणाले. आणि जाता जाता, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, "बरंय वूला, उद्या भेटू," म्हणाले. वूलाने वळून बघेपर्यंत लिफ्टचं दार बंद झालं होतं.

संध्याकाळी ती समुद्रकाठच्या ग्लेनेल्गला जाणाऱ्या ट्राममध्ये चढली. दिवसभर कचऱ्यात उभं राहून तिला घाण वास मारत होता, हे तिला स्वतःला कळेनासं झालं होतं. ऑफिसं सुटायची वेळ, ट्राम खच्चून भरलेली. ती एका सीटवर बसली, तसा शेजारचा तरुण उठला. मग समोरची बाई उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. मग मागचे दोघे. वूलाने इकडेतिकडे बघितलं, कोटाच्या बाहीचा वास घेतला आणि तिच्या ध्यानात आलं.

तिने बूट काढले, समोरच्या रिकाम्या सीटवर पाय पसरले आणि समुद्र येईपर्यंत खिडकीबाहेर बघत आरामात बसून राहिली.